नमुन्याचा खडा

नवरा लातूरच्या गूळ मार्केटात मापाडी.
दिवसभर ढेपा तोलतो,
संध्याकाळी दारात आधी वास येतो, मग तो.
वास मी पोटभर घेते.
वासाची साखर मशीनमध्ये दिसत नाही,
तपासून बघितलंय.

डॉक्टरीणबाईंनी लुपस म्हटलं,
सासूबाईंना लोप ऐकू आलं.
कशाचा लोप गं?
मी गालांवरच्या डागांना हात लावला,
तेवढे सोडून बाकी बरंच काही लोपत होतं.
अंगाचंच अंगाशी वैर, असं सांगितलं त्यांना.
"भावकीसारखं?"
हो. भावकीसारखंच.

गोळ्या भावकीला गप्प बसवतात,
आणि त्याच गोळ्या साखर चढवतात,
तोंड ढेपेगत गोल करतात,
भूक अशी लावतात
की रात्री दोनला मी फडताळापुढं उभी,
अंधारात, एकेका डब्यावर हात ठेवत.
शेंगदाणे. पोहे. हा लाडवांचा.
हा लाडवांचाच.
झाकण उघडलं नाही, असं पुष्कळदा झालंय.
पुष्कळदा. नेहमी नाही.

किराण्याच्या वहीला मागच्या बाजूनं
माझा हिशेब:
उपाशीपोटी एकशे छप्पन्न.
जेवून दोन तासांनी दोनशे अठ्ठ्याऐंशी,
त्या दिवशी जाऊबाईंनी, जगदेवीनं, मायेनं भात वाढला होता.
पट्टी अठरा रुपयांची. बोट फुकट.

ज्वारीची भाकरी एक, तळहाताएवढी.
अंबाडीची भाजी, जवसाची चटणी चिमूटभर,
ताक अळणी.
मीठ किडनीपायी गेलं, साखर गोळ्यांपायी,
ऊन तर सगळ्यांच्या आधी गेलं.
आमच्याकडं उन्हाला चुकवायचं म्हणजे
घरधन्याला चुकवून त्याच्याच घरात राहायचं.

येळवशीला तरी रानात चल, म्हणाले सगळे.
गेले. पूर्ण बाह्या, डोक्यावर स्टोल, वर छत्री.
महिन्यापूर्वी वीसची गोळी दहावर आली होती,
साखरेची मात्र होती तेवढीच.
ती सकाळी घरी घेतली,
आणि रानात पूजा लांबली.
कोपीत पांडवांना चुना लागायचा होता,
आंबिलाचं मडकं मागच्या गाडीत राहिलं होतं,
नैवेद्याआधी घास कसा घ्यायचा?
कुणी नको म्हटलं नव्हतं. मीच थांबले.

मग हात कापायला लागले.
पौष तोंडावर आलेला आणि पाठ घामानं चिंब.
हरभऱ्याचं रान हिरवं होतं ते पांढरं झालं.
ऊन लागलं, जगदेवी म्हणाली.
सासूबाईंनी मीठमोहऱ्या शोधल्या.
मल्लूनं, आठवीतल्या माझ्या लेकानं,
पिशवीतून मशीन काढलं, माझं बोट धरलं,
न विचारता टोचलं.
"अठ्ठावन्न. पप्पा, अठ्ठावन्न!"

हा बांधावरून पळत आला, चपला मागंच राहिल्या.
सदऱ्याच्या खिशात हात घातला.
सौद्यातला नमुन्याचा खडा होता,
धुण्यात रोज सापडायचा, रोज मी ओरडायची.
"तोंड उघड."
मी दात घट्ट मिटले.
मला चालत नाही, म्हणाले. शुद्ध जाता जाता हेच म्हणाले.
दोन वर्षं लग्नात, बारशात, शेजारच्या हळदीकुंकवात
म्हणत आले तेच.
"आज चालतंय," त्यानं खडा ओठात कोंबला,
त्याच्या बोटांसकट.

कसा लागला ते काय सांगू.
पंधरा मिनिटांनी ब्याण्णव.
मग कोपीपुढं बसून भज्जी खाल्ली, एक उंडा,
सगळे माझ्या घासांकडं बघत होते,
बघत नाही असं दाखवत.

रात्री वही उघडली.
काय खाल्लं, या रकान्यात पेन थांबलं.
गूळ, एक खडा. वजन?
तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला,
"पंधरा ग्रॅम. लिही.
इतकी वर्षं तोलतोय, हातालाच कळतं."

सोमवारी बाईंनी साखरेची गोळी अर्धी केली,
उपाशी राहिल्याबद्दल रागावल्या.
आता पर्समध्ये माझाही एक खडा असतो,
प्लॅस्टिकच्या पुडीत गाठ मारून.
मुंग्यांना कळतं.
झटकते, परत गाठ मारते.